सव्वीस पितळी अक्षरं

नदीचा उगम आणि नदीचं मुख यांची अदलाबदल झाली होती. सातवीच्या भूगोलाचं पुस्तक, पान एकेचाळीस. बाण समुद्राकडून डोंगराकडे चढत होते आणि आधीच्या दोन तपासण्यांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी लाल पेनानं बाण फिरवत होते तेवढ्यात फोन टेबलावर थरथरला. पैसे मिळाले आहेत, असं पडद्यावर होतं. मी पेनाला टोपण लावलं. शेजारच्या टेबलावर गणिताचं पुस्तक तपासणारे गृहस्थ डबा उघडत होते. त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. मी मान हलवली, काही नाही म्हणून. गेले पाच महिने मी सगळ्यांना अशीच मान हलवून दाखवत होते, आणि लोकही सुटल्यासारखे आपापल्या डब्याकडे वळत.

पैसे बाबांच्या अक्षरांचे होते. बाबा बाइंडर. पुस्तकं बांधायचे, आणि ज्यांना हौस असे त्यांच्या पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत नाव उठवून द्यायचे. त्यासाठीचा इंग्रजी मोठ्या अक्षरांचा पितळी संच त्यांच्या वस्तादांकडून त्यांच्याकडे आला होता. सव्वीस अक्षरं, प्रत्येकाला स्वतंत्र लाकडी मूठ, बाबांच्या तळव्याच्या घामानं काळी आणि गुळगुळीत झालेली. अक्षर तापवायचं, वर्खावरून चामड्यावर दाबायचं, आणि उचलायचं. उचलणं सगळ्यात अवघड, असं ते म्हणत. दुकान रिकामं करून द्यायचं होतं. पुठ्ठ्याची कातरी आणि दाबाचं मोठं यंत्र ओळखीच्या छापखान्यानं नेलं. अक्षरांची पेटी मात्र कुणालाच नको होती, आणि ती मोडीत घालायला माझा हात धजत नव्हता. म्हणून मी जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात टाकली, फोटो लावले, आणि का कोण जाणे, शेवटी एक वाक्य लिहिलं: ही अक्षरं माझ्या वडिलांची आहेत, ते आता नाहीत.

तिसऱ्या दिवशी परदेशातल्या एका गृहस्थांचा निरोप आला. वस्तू आवडली, किंमत मान्य आहे, साइटवर सोयीचं पडत नाही तर थेट ईमेलवर बोलू या का? आणि खाली: 'तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मीही माझे वडील गेल्या वर्षी गमावले. त्यांच्या वस्तूंना हात लावणं किती कठीण असतं हे मला ठाऊक आहे.' व्याकरणाच्या चार चुका होत्या. एरवी माझं बोट आपोआप चुकीवर थांबतं, तोच माझा पोटापाण्याचा धंदा. पण ते वाक्य मी सकाळच्या चहाबरोबर वाचलं, बसमध्ये वाचलं, कचेरीत पोचल्यावर हात धुताना फोन बेसिनच्या कडेवर ठेवून वाचलं. पाच महिन्यांत मला भेटायला आलेल्या प्रत्येकानं विचारलं होतं, वय काय होतं? आणि वय सांगितल्यावर, बरं, म्हणजे तसं झालंच होतं, असा चेहरा केला होता. वस्तूंना हात लावण्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. दुकानातला बाबांचा एप्रन मी अजून खुंटीवरून काढला नव्हता, कारण त्याच्या खिशात त्यांचा चष्मा होता आणि तो बाहेरून दिसत होता. हे दूर कुठल्यातरी देशातल्या त्या अनोळखी माणसाला कळलं होतं.

आता त्यांचे पैसे आले होते. ठरल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. साइटच्या नावानं आलेल्या त्या मेलमध्ये खाली खुलासा होता. पेटी न्यायला एक वाहतूकवाला येईल, त्याचेही पैसे त्यांनी माझ्याकडेच पाठवले आहेत. तेवढे मी आजच्या आज त्याच्या खात्यात भरावेत. भरल्याची पावती पाठवली की सगळी रक्कम माझ्या नावावर मोकळी होईल. मी दोनदा वाचलं, आणि मला वाटलं ते इतकंच, की जास्तीचे आलेत; परत करायला हवेत. आज.

हे 'आज' माझं नव्हतं, बाबांचं होतं. दुसऱ्याचा पैसा आपल्या गल्ल्यात झोपायला नको, म्हणायचे. मी चौथीत असताना एक शाळामास्तर बांधणीचे पैसे देताना घाईत एक नोट जास्त देऊन गेले. बाबांनी मोजलं, हातातलं काम तसंच सोडलं, खळीचा ब्रश पाण्यात बुडवला, दुकानाला कुलूप लावलं आणि मला घेऊन निघाले. मास्तरांचं घर माहीत नव्हतं. शाळेत गेलो, शिपायाला विचारलं, शिपायानं चुकीची गल्ली सांगितली. माझी चप्पल चावत होती. मी म्हटलं, ते उद्या येतीलच की पुस्तक न्यायला. बाबा म्हणाले, "आणि आज रात्री त्यांनी पाकीट बघितलं तर? रात्रभर कुणाकुणाला चोर ठरवतील बिचारे." मास्तर सापडले तेव्हा बनियनवर होते आणि त्यांना काही आठवतच नव्हतं. परत येताना बाबा शीळ घालत होते. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, पायाच्या फोडामुळे. आणि त्या दुपारी पान एकेचाळीसवर पेपरवेट ठेवून अर्ध्या दिवसाची रजा लिहिताना मला त्याच शिळेसारखं हलकं वाटत होतं. ते गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांचं एखादं काम करायला निघाले होते.

बँकेत गर्दी नव्हती. परदेशी पैसे पाठवायच्या खिडकीमागे आईहून साधारण दहा वर्षांनी लहान बाई, चष्मा दोरीला, पुढ्यात अर्धं सोललेलं संत्रं. मी फॉर्म भरून सरकवला. त्यांनी तो सालीवर टेकवून वाचला.

"कुणाला पाठवताय?"

"वाहतूकवाल्याला. माझी एक वस्तू विकली गेलीय परदेशात. त्यांनी जास्तीचे पाठवलेत, त्यातले."

"म्हणजे त्यांचे पैसे आलेत?"

"हो. मेल आलाय."

"मेल आला ते समजलं. पैसे आलेत का?"

मी फोन काचेला लावून दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, बघितलं, उतरवला. मग माझा खाते क्रमांक मागितला आणि संगणकाकडे वळल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. नखांत संत्र्याचा पिवळा रंग.

"यात तर काही नाही, ताई. तुमचा गेल्या महिन्याचा पगार आहे आणि विजेचं बिल गेलंय."

"पावती पाठवल्यावर मोकळे होणार आहेत."

"असं कुठं असतं का? आधी तुम्ही द्यायचे, मग तुमचे तुम्हाला मिळणार?" त्या हसल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजते. "साइटच्या नावानं मेल आलाय खरा, पण पत्ता वाचा. साइटचा आहे का तो? आणि तुम्ही आत्ता मला भरायला सांगताय ते तुमच्या पगारातनं जाणार. तिकडनं काहीच आलेलं नाही."

मला राग आला. आश्चर्य म्हणजे त्या गृहस्थांचा नाही, बाईंचा. मी म्हटलं, "तुम्ही त्यांना ओळखत नाही." आणि म्हटल्याबरोबर कानशिलं गरम झाली.

"तुम्ही ओळखता?" त्यांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. "गेल्या वर्षी एक आजोबा आले होते. बायकोचं शिवणयंत्र विकत होते. अगदी असंच. मी अडवलं तर माझी तक्रार करून दुसऱ्या शाखेत गेले, आणि तिथं भरून आले. त्यांनाही फार छान पत्रं आली होती." त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. त्यावर रसाचा गोल डाग पडला होता. "मी नाही म्हणत नाही. पैसे तुमचे. पण खात्यात दिसू देत, मग या. मी आहेच इथं, कुठं जातेय."

बाहेर ऊन होतं. मी बसस्टॉपच्या बाकावर बसले आणि दोन बस जाऊ दिल्या. पत्ता वाचला. साइटच्या नावात एक जादा अक्षर होतं. मी, जी दिवसाला चाळीस पानांतली अक्षरं मोजते, तिला ते इतका वेळ दिसलं नव्हतं. दिसलं नव्हतं की बघायचं नव्हतं? तरी मन त्या माणसाची बाजू घेत होतं. त्यांचे वडील गेलेत. परक्या देशाचे व्यवहार वेगळे असतील. एखादा माणूस वडिलांच्या मरणाबद्दल खोटं कसं लिहील? आणि त्यामागे आणखी एक भीती, लहान मुलीची: त्यांनी खरंच पाठवले असतील आणि मी परत केले नाहीत तर? रात्रभर मला चोर ठरवतील. फॉर्म पर्समध्ये होता. कोपऱ्यापलीकडे दुसरी शाखा होती.

मी घरी गेले. आई गॅलरीत खुर्ची टाकून पाय लांब करून बसली होती. तिला मी अर्धंच सांगितलं, गिऱ्हाईक मिळालंय पण बँकवाली बाई शंका काढतेय, एवढं. आई बाबांच्या दुकानात कधी बसली नाही. घर दुकानाच्या मागेच होतं, मध्ये नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे तिकडचं सगळं तिला ऐकून ठाऊक.

"काय काय विचारलं त्यानं?" तिनं विचारलं.

"कशाबद्दल?"

"अगं, अक्षरांबद्दल. मुठी पक्क्या आहेत का, किती झिजलीत, आर असा का दिसतो. बघितला असेल ना फोटोत?"

आर ही बाबांची करामत होती. मूळ आरचा तिरका पाय एकदा पडून तुटला. नवा मिळेना, तेव्हा त्यांनी पितळेच्या तुकड्यातून कानशीनं अख्खं अक्षर घडवलं. दोन दिवस मी समोर स्टुलावर बसून बघत होते. पाय किंचित लांब झाला, जरा पुढे टाकलेला. बाकीची पंचवीस अक्षरं उभी असतात, आमचा आर निघाल्यासारखा दिसतो.

"काही नाही विचारलं," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"किंमत मान्य म्हणाला."

आई पाय जवळ घेऊन सरळ बसली. "तुझ्या बाबांच्या दुकानात काहीही न विचारता, हो हो करत माल घेणारा एकच माणूस आला आयुष्यात. सुटाबुटातला. किती वाखाणलंन बाबांना! गेल्यावर बघतात तर कोपऱ्यातली छत्री नाही. माझी छत्री होती ती, हिरवी. बाबा म्हणे, चुकून नेली असेल. वर्षभर वाट बघत होते, आणून देईल म्हणून!"

तिला हसू आवरेना. मलाही आलं. मी आत जाऊन त्या परदेशी गृहस्थांची सगळी पत्रं परत वाचली. सात पत्रं. एकातही अक्षर हा शब्द नव्हता. सगळीकडे 'वस्तू'. वस्तू छान आहे, वस्तू बांधून ठेवा, वस्तूचे पैसे. माझ्या जागी कुणी सायकल विकत असतं तरी ती पत्रं एक शब्दही न बदलता चालली असती. कदाचित त्या शिवणयंत्रवाल्या आजोबांना हीच गेली असतील. फक्त वडिलांच्या जागी बायको.

मी त्यांना लिहिलं की सांगायचं राहिलं, संचातल्या आरचे दोन तुकडे झालेत, तरी हवा आहे का? आर शाबूत होता, माझ्यासमोर पेटीत होता. उत्तर चार मिनिटांत आलं. हरकत नाही, वाहतूकवाल्याचे पैसे लगेच भरा. मी उत्तर दिलं नाही. तासाभरानं दुसरं आलं: तुम्ही माझे पैसे दाबून ठेवले आहेत, मी पोलिसांत जाईन. वडिलांबद्दलची भाषा संपली होती. मी साइटवर जाऊन तक्रारीचा रकाना भरला, पत्रांच्या प्रती जोडल्या, आणि पर्समधला तो संत्र्याचा डाग पडलेला फॉर्म चार तुकडे करून टाकला. माझं काहीच गेलं नव्हतं. तरी पुढचे दोन-तीन दिवस मी घरात चोर शिरून गेल्यावर वावरावं तशी वावरत होते. पैशांचं नव्हे, त्या वाक्याचं दुःख होतं. वस्तूंना हात लावणं किती कठीण असतं. ज्यानं लिहिलं त्याला ते माहीत नव्हतं, आणि तरी ते खरं होतं. मग एका सकाळी मी दुकानात गेले, एप्रन खुंटीवरून काढला, खिशातून चष्मा काढला, पुसला. कठीण होतं. पण झालं.

जाहिरात पुन्हा टाकायची ठरली तेव्हा आई शेजारी बसून सांगू लागली. "लिही, पैसे साइटवरूनच, आणि ठरले तेवढेच. जास्त पाठवणाऱ्याला माल मिळणार नाही."

"असं कसं लिहू? उद्धट वाटतं."

"वाटू दे. लिही, पैसे खात्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत पेटीला दोरी लागणार नाही. वाहतूकवाला आमचा आम्ही बघू. घासाघीस चालेल, घाई चालणार नाही. आणि आरचं लिही."

मी सगळं लिहिलं, जरा मऊ करून. वडिलांचं वाक्य मात्र गाळलं. त्याऐवजी आरचा जवळून फोटो लावला.

तीन आठवडे काही नाही. मग एका बाईंचं पत्र आलं, साइटवरच. दूरच्या देशातल्या, स्वतः बाइंडर. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न. अक्षरांची उंची किती? मुठी मूळच्या का? ओ आणि क्यू यांच्या कडा झिजल्यात का, कारण फोटोत सावली आहे. किंमत जास्त वाटते. आणि सगळी अक्षरं चामड्याच्या पट्टीवर गरम उठवून त्याचा फोटो पाठवता येईल का? पितळ बघून मला काही कळत नाही, ठसा बघून कळतं.

"ही बाई खरी," आई म्हणाली. "किती खवचट आहे बघ."

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गॅसवर जाळी ठेवली. चामड्याचा एक तुकडा, वर्खाची उरलेली वही, ओला स्पंज. बाबा अक्षर तापलं की आधी ओल्या स्पंजाला टेकवायचे आणि कान द्यायचे. तेवढं मला आठवत होतं. काय ऐकायचे, ते आठवत नव्हतं. ए उठवला, चामडं करपलं. बी उठवला, तोही करपला. घरभर जळक्या केसांसारखा वास. सी थंड केला तर वर्ख चिकटलाच नाही. मला वाटलं, झालं, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. मी डी तापवला आणि स्पंजाला टेकवला. चर्र झालं.

"गरम आहे अजून," आई आतल्या खोलीतून म्हणाली.

मी थांबले. परत टेकवला.

"अजून जरा."

तिला तिथून काही दिसत नव्हतं. फळ्यांच्या भिंतीपलीकडे चाळीस वर्षं भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, आम्हा मुलांवर ओरडताना तिनं हा आवाज ऐकला होता. मी तिसऱ्यांदा टेकवला. आवाज लहान झाला होता, ओठांवर बोट ठेवून श्श करतात तेवढा.

"आता," आई म्हणाली.

मी दाबलं. उचललं. चामड्यावर डी सोनेरी, कडा स्वच्छ, जणू तो आधीपासून तिथं होता आणि मी नुसतं झाकण काढून दाखवला. पट्टी पूर्ण व्हायला दुपारचे दोन वाजले. आर सगळ्यात शेवटी ठेवला होता. तो सगळ्यांत छान उठला, पाय पुढे टाकून.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ओ झिजलाय, मी म्हटलं नव्हतं? किंमत थोडी कमी करा. आणि खाली एकच ओळ: आर कोणी केला? मी तो प्रश्न पुन्हा वाचला. सांत्वन नव्हतं त्यात, नुसती कारागिराची उत्सुकता. पण पाच-सहा महिन्यांत बाबांबद्दल कुणी एवढा नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी लिहिलं: माझ्या वडिलांनी. कानशीनं, दोन दिवसांत. मी समोर बसले होते.

पैसे गुरुवारी आले. साइटनं तसं कळवलं, तरी मी दुपारी बँकेत गेले. त्याच बाई, या वेळी शेंगा सोलत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. आले. ठरले तेवढेच ना?"

"तेवढेच."

"मग पाठवा आता. आणि पावती सांभाळा," त्या म्हणाल्या, आणि दोन शेंगा माझ्यासमोर ठेवल्या.

पेटी बांधायला घेतली तेव्हा त्या बाइंडरबाईंचा आणखी एक प्रश्न आला. शेवटचा, असं त्यांनी लिहिलं होतं, पण माझा विश्वास नाही. आर हाताने केलेला, त्याचं पितळ वेगळं असणार; तुमचे वडील तो किती गरम करायचे? मी उत्तर लिहायला बसले. जरा कमी. जरा म्हणजे किती? आवाज लहान झाला की. लहान म्हणजे कसा? तीन वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं.

"लिहून कसं कळेल तिला?" आई म्हणाली. "ऐकव."

दोरी सोडली. गॅस पेटवला. फोन स्पंजाशेजारी उभा केला आणि आईला बजावलं की आता बोलायचं नाही, आवाज भरला जातो. तिनं तोंडावर पदर धरला. आर तापला. मी टेकवला: चर्र. थांबले. पुन्हा टेकवला. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तो बारीक, जवळजवळ नसलेला आवाज आला, आणि पदरातून आई म्हणाली, "आता."

"आई!"

"अगं, राहवलं नाही."

मी परत ऐकलं. आवाज होते, मधल्या शांतता होत्या, गॅसची सुरसुर होती, आणि शेवटी तो एक शब्द, जो त्या बाईंना कधीच समजणार नव्हता आणि ज्याच्याशिवाय बाकीच्याला काही अर्थ नव्हता. कापून टाकणं सोपं होतं. मी तसंच पाठवलं. मग आर पुसून, गार झाल्याची बोटानं खात्री करून, त्याच्या खाचेत ठेवला.